दहा खोल्यांना एक शेगडी

कोयाइके, ११ मार्च २०१८

प्रिय नोल्फा वन्सं,

तुमचं पत्र मिळालं आणि धुरी देऊन वाळवलेल्या शिंपल्यांच्या मांसाची माळही मिळाली. बसवाल्याने पिशवी स्वतःच्या सीटमागे ठेवली होती, त्यामुळे चाकाबुकोच्या धक्क्यापासून इथवर सगळी बस वासाने हैराण. पिशवी हातात देताना मला म्हणाला, "बाई, पुढच्या खेपेला त्यांना साबण पाठवायला सांगा."

फोनवर मी नुसतं 'हो वन्सं, हो वन्सं' म्हणते आणि मग माझंच खरं करते, लेखी घेतलं की मला पळता येत नाही, असं तुम्ही म्हणता. मग हे घ्या लेखी. घर विकायचा विचार मी करून पाहिला. झोपेत करून पाहिला, जागेपणी करून पाहिला. नाही जमत.

पण मागच्यासारखा हिवाळाही आता काढायचा नाही. तुमचा भाऊ आर्तेमिओ होता तोवर तो लाकडं फोडायचा, मी चूल पेटवायचे, दोघांचं स्वयंपाकघरात भागायचं. तो गेल्यावर मी पलंगच चुलीपाशी आणला. बाकीच्या खोल्यांची दारं मे महिन्यात, हिवाळा लागताच लावली ती थेट ऑक्टोबरात उघडली, तर तुमच्या आईच्या खोलीत भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीला बुरशी आलेली. आणि हवा फार धुरकटली की सरकार धुराची मनाई करतं, त्या दिवशी तर चूलही पेटवायची नाही. तुम्ही बेटावर राहता, तुमचा धूर वारा समुद्रावर नेतो. इथे तो खोऱ्यात बसतो आणि आमच्यासारखाच कुठे जात नाही.

तर मी पेलेटची शेगडी घ्यायची ठरवली आहे. लाकडाचा भुसा दाबून त्याच्या बारीक कांड्या करतात, आपण गुरांना गोळीपेंड घालतो ना, अगदी तशा. त्या पोत्यातून शेगडीत ओतायच्या, बटण दाबायचं, ती आपली आपण पेटते आणि हव्या तेवढ्या कांड्या पोटात ओढून घेते. धूर नावाला. बसवणारा बेलार्मिनो चिग्वाय घर पाहून गेला. बेलार्मिनो म्हणतो, एवढ्या घराला दुकानातली सगळ्यात मोठीच लागेल. मला ते जरा दुकानाच्या सोयीचं वाटलं, पण बेलार्मिनो माणूस बरा आहे. बेलार्मिनोने जाताना फाटकाची कडीही नीट करून दिली.

सरकारी योजनेतून घेतली तर पुष्कळ स्वस्त पडते. मात्र घर दोघींच्या नावावर, म्हणून तुमची सही लागेल. अर्ज सोबत जोडला आहे. खुणा केल्या आहेत तिथे सही करून लवकर पाठवा. दुकानात एप्रिलनंतर रांग लागते.

तुमची,
ओतिलिया


मेलिंका, २८ मार्च

ओतिलिया,

पत्र सिक्स्तोने आणून दिलं. त्याची बोट दोन दिवस आधीच यायची होती, पण इंजिनाने पुन्हा खोकायला सुरुवात केली.

सही केलेली नाही. आधी मला समजू दे. तू एकटी बाई, घर दहा खोल्यांचं. तुला पाय दोन. ते गरम करायला दहा खोल्या कशाला तापवायच्या? बाजारात लोकरीचे मोजे मिळतात. नाहीतर घर विकून टाक, गावात एखादी लहानशी जागा बघ, नाहीतर इकडे ये. माझ्या घराला दोनच खोल्या आहेत, पण त्यातली एक मी रिकामी करू शकते. म्हणजे तशी रिकामीच असते.

दुसरं. त्या बेलार्मिनोचं नाव एका पत्रात जितक्यांदा आलंय, तितक्यांदा माझ्या भावाचं नाव लग्नाच्या वर्षी तुझ्या पत्रांत आलं नव्हतं. फाटकाची कडी नीट केली म्हणे. फाटकाच्या कड्या कोण कशासाठी नीट करतं, हे मला या वयात शिकवू नकोस. तू बासष्टची आहेस, घर मोठं आहे आणि दिसायला तू अजून बरी आहेस. असे पुरुष आधी घर बघतात.

तिसरं आणि मुख्य. अर्ज मी चष्मा लावून वाचला. खाली बारीक अक्षरात 'जुने उपकरण' असं काहीतरी आहे. जुनं उपकरण म्हणजे काय? आईची चूल तर नव्हे? तू एवढं मोठं पत्र लिहिलंस, तसबिरीची बुरशीसुद्धा लिहिलीस, आणि चुलीचं काय होणार ते मात्र शिताफीने गाळलंस.

सिक्स्तो म्हणतो पेलेटच्या शेगड्या त्याने चाकाबुकोत पाहिल्यात, वीज गेली की त्या मरतात. खरं का?

नोल्फा


कोयाइके, १४ एप्रिल

प्रिय वन्सं,

बेलार्मिनोला बायको आहे. तिचं नुसतं नाव निघालं तरी तो खुर्चीतून उठून उभा राहतो, इतका तिचा धाक आहे. शिवाय त्याला एक सोन्याचा दात आहे आणि तो बोलायला लागला की थांबत नाही. तुमच्या भावाच्या चार वाक्यांच्या संसारानंतर मला ते झेपायचं नाही. ही काळजी सोडा.

शेगडीचं मात्र मी आंधळेपणाने काही करत नाही. शेजारच्या कोरिनाने मागच्या वर्षी एक लहान पेलेट शेगडी घेतली आहे, गरम वारा फेकणारी. बघावं तरी म्हणून मी आणि झुनिल्दा एका रात्रीच्या मुक्कामाला तिच्याकडे गेलो. झुनिल्दा तुम्हाला आठवत असेल, शाळेत गणित शिकवायची, आर्तेमिओला तिने दोनदा नापास केलं होतं. तर कोरिनाच्या बैठकीत आम्ही बाह्या वर करून, वारा घालत मातेचा कडू चहा प्यायलो. बेकरीत बसल्यासारखं. आणि झोपायच्या खोलीत गेलो तर नदीत उतरल्यासारखं. मधली भिंत आली की गरम वारा परत फिरतो, वळून कुणाच्या खोलीत जात नाही. झुनिल्दा पहाटे पांघरुणातून म्हणाली, "ही शेगडी एका खोलीची आहे, घराची नाही."

म्हणजे मोठी घेतली तरी तेच होणार, फक्त बैठक आणखी तापेल. दुसरा प्रकार आहे तो नळांतून गरम वारा खोल्यांत नेणारा. त्यासाठी जाड नळ छतातून फिरवावे लागतात, आणि वरच्या मजल्यापर्यंत पोचेस्तो वारा कोमट होतो. तिसरा प्रकार पाण्याचा. शेगडी पाणी तापवते, ते बारीक पाइपांतून खोलीखोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि परत येतं. प्रत्येक रेडिएटरला आपला वॉल्व, नको त्या खोलीचा बंद करता येतो. मला हाच पटतो. आणि त्यातही सगळ्यात मोठी घ्यायची नाही. झुनिल्दाने माहितीपुस्तक शेवटपर्यंत वाचलं. गरजेपेक्षा मोठी शेगडी सारखी मंद ठेवावी लागते आणि मग तिच्या पोटात काजळी धरते. खोल्या मोजल्या, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, छताखाली ऊब धरणारी लोकर अंथरली की मधली पुरते. बेलार्मिनोला हे सांगितलं तेव्हा त्याचा सोन्याचा दात थोडा वेळ दिसेनासा झाला. मग म्हणाला, "ठीक आहे, मधलीच घ्या."

सिक्स्तो म्हणतात ते खरं आहे. वीज गेली की ती बंद पडते.

आणि हो, जुनं उपकरण म्हणजे चूल. योजनेतून नवी घेतली की जुनी द्यावी लागते. ते ती नेतात आणि मोडतात. मी हे लिहायला धजावले नव्हते.

ओतिलिया


मेलिंका, २ मे

ओतिलिया,

नाही.

ती चूल माझी आई किनाऱ्यावरून बैलगाडीत घालून आणत होती तेव्हा वाटेत नदीला पूर होता. वडील म्हणाले चूल टाकून देऊ. आई म्हणाली, "मग मलाही टाका." पूर उतरेपर्यंत दोघं चुलीला टेकून बसून राहिले. मी त्या चुलीसमोर जन्मले, तुझा नवरा त्या चुलीसमोर जन्मला, आणि त्याच्या केसांखाली चटका बसून जो डाग पडला होता तोही त्याच चुलीचा. ती मोडायला मी सही देणार नाही. तुला शेगडी हवी तर घे, पण आईची चूल लोखंडाच्या भावाने घालून नको.

आता दुसरं. सिक्स्तोला धक्क्यावर बसवाल्याने सांगितलं की बेलार्मिनोची गाडी तुझ्या दाराशी दिवसदिवस उभी असते. ते मी एक वेळ सोडून देते, माणूस बायकोला घाबरतो म्हणतेस तर घाबरत असेल. पण बसवाल्याने असंही सांगितलं की तुझ्या घरात पलंग गेले. पलंग गेला नव्हे, पलंग गेले. गाद्यांसकट.

तू काय चालवलं आहेस? खोल्या भाड्याने देतेस का? की लग्न करते आहेस आणि त्याची पोरंबाळंही येणार आहेत? मला सरळ सांग. भाऊ गेला म्हणून भावजय गेली असं मी कधी समजले नाही. पण बसवाल्याकडून कळायला नको होतं.

नोल्फा


कोयाइके, १५ मे

प्रिय वन्सं,

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. आता सगळं सांगते, मध्येच पत्र टाकून देऊ नका.

एक पलंग झुनिल्दाचा आहे, एक कोरिनाचा. बेलार्मिनोची गाडी असते ती छताच्या लोकरीसाठी.

मागच्या जुलैत झुनिल्दा आजारी पडली हे मी तुम्हाला कळवलं होतं, कशी सापडली ते नाही. तुम्हाला माहीत आहे, आपल्या गल्लीत सकाळी उठलं की आपण आधी शेजारच्या धुराड्यांकडे बघतो. धूर दिसला की बाई उठली, चूल पेटली, सगळं ठीक. कोणी दार वाजवत नाही, वाजवावं लागतही नाही. पण त्या आठवड्यात धुराची मनाई होती. कुणाच्याच धुराड्यातून धूर नव्हता. झुनिल्दा न्यूमोनियाने अंथरुणात पडून होती, तिला उठून दारापर्यंत येता येत नव्हतं, आणि आम्ही दोघी रोज तिच्या घरावरून पाव आणायला जात होतो. शेवटी कोरिना उसनं पीठ मागायला गेली म्हणून कळलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर काही खरं नव्हतं.

ती घरी आल्यावर आम्ही तिघी माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. कोरिना म्हणाली, "तीन घरं, तीन विस्तव, आणि तिघी गारठलेल्या. हा कुठला हिशोब?" गणिताच्या बाईने बोटांवर मोजलं. मग झुनिल्दाच म्हणाली, "तुझं घर सगळ्यात मोठं आहे, ओतिलिया." एवढंच. मग सोपाइपियाच्या पुऱ्या तळून खाल्ल्या आणि त्या आपापल्या घरी गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून मी बंद दारांआडच्या वरच्या खोल्या मनात मोजायला लागले.

तुम्हाला लिहिलं नाही कारण घर तुमचंही आहे. परक्या बायका आणून भरल्या असं तुम्हाला वाटेल, अशी भीती वाटली. आधी शेगडी मंजूर करून घ्यावी, मग बायका हळूच सांगाव्यात असा डाव होता. डाव मांडायला मला कधी जमलं नाही.

योजना आम्ही सोडली. चूल जागेवरच राहणार, कोणी तिला हात लावणार नाही. कोरिनाने आपली छोटी शेगडी विकली, झुनिल्दाने निवृत्तीचं काढून ठेवलं होतं त्यातलं दिलं, मी आर्तेमिओची जुनी गाडी विकली. पाण्याची, मधल्या आकाराची शेगडी आमची झाली. घरी येऊन पडली आहे. आता फक्त भिंतींना पाइपांसाठी भोकं पाडायची आहेत, आणि भिंती निम्म्या तुमच्या आहेत. तुम्ही हो म्हटल्याशिवाय बेलार्मिनोला मी एकही भोक पाडू देणार नाही.

काय ते कळवा.

ओतिलिया


कोयाइके, २० जून

प्रिय वन्सं,

तुमचं उत्तर नाही, फोनही लागत नाही. बसवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, बेटाकडून काहीच आलं नाही, वासही नाही.

रागावला असाल तर रागानेच लिहा. तुमचा राग वाचायची मला सवय आहे, हे गप्प बसणं वाचता येत नाही.

इथली खबर अशी. शेगडी अजून खोक्यातच आहे, बैठकीच्या मधोमध. खोकं चांगलं मजबूत आहे, त्याच्यावर आम्ही पत्ते खेळतो. कोरिना लबाडी करते. तिघींचे पलंग सध्या स्वयंपाकघरात चुलीभोवती आहेत, त्यामुळे रात्री कूस बदलायची तर आधी सूचना द्यावी लागते. मनाईच्या दिवशी आम्ही टोप्या घालून झोपतो. परवा पाव देणारा दाराशी आला आणि आम्हाला त्या अवतारात बघून त्याने क्रूसाची खूण केली.

पोत्यांचं एक नुकसान झालं. कोरिनाने पेलेटची पोती मागच्या लाकडाच्या खोपीत ठेवली होती. छत गळत होतं. कांड्यांना पाणी लागलं की त्या फुगून पुन्हा भुसा होतात. जाऊन बघतो तर चार पोत्यांची लापशी. कोरिना दिवसभर पत्ते हातात धरेना. मग झुनिल्दाने ती लापशी कोरिनाच्या गुलाबांच्या मुळाशी टाकली आणि म्हणाली, "महागडं खत आहे, गुलाबांना सांग फुलायला." तेव्हा कुठे हसली. आता उरलेली पोती जिन्याखाली कोरडी आहेत.

झुनिल्दाला पुन्हा खोकला लागला आहे. ती म्हणते काही नाही. रात्री मी ऐकते.

वन्सं, नको म्हणायचं असेल तर नको म्हणा. मग मी घर विकायला तयार आहे. या दोघींना घेऊन कुठेतरी लहान जागा बघेन. पण त्यांना परत आपापल्या रिकाम्या घरी पाठवणार नाही.

ओतिलिया


मेलिंका, ३० जून

ओतिलिया,

भोकं पाड. आजच्या आज पाड. पत्र वाचून खाली ठेवायच्या आधी त्या सोन्याच्या दातवाल्याला बोलाव.

बंदर बंद होतं. एकामागून एक वादळांनी महिनाभर सगळ्या बोटी बांधून ठेवल्या होत्या, फोनही बंद होता. तुझी दोन्ही पत्रं मला एकदमच मिळाली. पण खरं सांगायचं तर पहिलं पत्र मिळालं असतं तरी मी लगेच लिहिलं नसतं. रागाने नाही. मला लाज वाटली असती.

कशाची, ते लिहिते. वाचताना हसायचं असेल तर एकटी हस, त्या दोघींना वाचून दाखवू नकोस. दाखवशीलच, म्हणा.

मी सिक्स्तोशी गुंतले आहे. आता हे वाक्य लिहून मी खिडकीपाशी जाऊन आले. एकोणसत्तर पुरी झाली मला. त्याला सत्तरी गाठायला दोन वर्षं आहेत, म्हणजे तो वयाने लहान, हेही तू म्हणशील. तो इकडच्या खेपेला आला की बोट धक्क्याला बांधून बोटीतच झोपतो, कारण हे बेट एवढंसं, आणि माझ्या दाराशी कुणाचे बूट दिसले तर ते बूट कोणत्या दुकानातले हेसुद्धा लोक सांगतील. तर दोन वर्षं आम्ही समोरासमोर बसून माते पितो आणि अंधार पडायच्या आत तो उठतो. त्याच्या मनात होतं, बोटीला नवं इंजिन घ्यावं आणि आम्ही दोघांनी किनाऱ्याने हिंडत राहावं. माझ्या मनात आलं, घर विकलं तर माझ्या वाट्यात इंजिन येईल. म्हणून मी तुझ्यामागे लागले होते. आणि फाटकाच्या कडीवरून तुला जे बोलले ते का, हे आता तुझ्या ध्यानात आलं असेल. चोराच्या मनात चांदणं. माझ्या दारालाही सिक्स्तोने नवी कडी बसवून दिली आहे.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. झुनिल्दाच्या धुराड्याशी आलो तेव्हा तो टोपी काढून बसला. मग म्हणाला, "नोल्फा, इंजिन चालतंय अजून. खोकतं, पण चालतं."

घर विकायचं नाही. बायका ठेव. आणखी कोणी एकटी गारठत असेल तर तिलाही बोलाव, फक्त ती पत्त्यांत लबाडी करणारी नको, एक पुरे.

एक विचारायचं आहे. वर, मागच्या अंगाला, खोपीच्या बाजूची जी खोली आहे, मुलं असताना आम्ही तिथे सफरचंदं ठेवायचो. तिथपर्यंत तुझे पाइप पोचतात का? सहज विचारते.

झुनिल्दाला गरम पाण्यात मध दे.

नोल्फा


कोयाइके, २५ जुलै

प्रिय वन्सं,

वाचून दाखवलं. तुम्हाला माहीतच होतं. कोरिना इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं, आणि झुनिल्दा म्हणाली, "दोन वर्षं नुसतं माते? त्या माणसाला चिकाटीबद्दल पूर्ण गुण."

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी बेलार्मिनो आला. भोकं पाडताना भिंतींतून जुनी वर्तमानपत्रं निघाली, तुमच्या वडिलांनी वारा अडवायला कोंबलेली. झुनिल्दा ती उलगडून वाचत बसली आणि बेलार्मिनो तिला बाजूला व्हा म्हणून थकला. पाइप टाकले, धुराडं बसवलं, पाणी भरलं. पेटवायची वेळ आली तर तिघींपैकी कोणीच बटण दाबेना. शेवटी झुनिल्दाने दाबलं. आधी नुसता आतला पंखा घुमला. मग कांड्या टपटप पडल्या. मग बराच वेळ काहीच नाही, कोरिना म्हणाली बिघडली, आणि तेवढ्यात काचेमागे पिवळी जीभ दिसली. आम्ही तिथेच जमिनीवर बसलो. तासाभराने मी वर गेले आणि तुमच्या आईच्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवला. वन्सं, त्या खोलीत तापवलेल्या विटांखेरीज कधी काही गरम असल्याचं मला आठवत नाही.

पहिल्या आठवड्यात गंमत अशी की आम्ही तिघी एकत्र राहायला आलो आणि एकमेकींना दिसेनाशा झालो. जी ती आपल्या खोलीत, दार उघडं टाकून, गरम मजेत. कोरिना वरून ओरडून विचारायची, "आहात का?" आता जेवणाला सगळ्यांनी खाली यायचं असा नियम केला आहे.

वीजही गेली, सिक्स्तोंना सांगा. मागच्या आठवड्यात वाऱ्याने तारा पाडल्या. शेगडी एकदम मुकी झाली, काचेमागचा विस्तव बघता बघता विझला. पण एवढा वारा असला की धूर खोऱ्यात थांबत नाही, म्हणून मनाई नव्हती. आईंची चूल पेटवली, पलंग पुन्हा स्वयंपाकघरात ओढले, कोकराच्या मटणाचा कासुएला रस्सा शिजवला. शेगडीवाला बेलार्मिनो स्वतःच्या घरी गारठला होता, तो बायकोला घेऊन आमच्याकडे जेवायला आला. ती बाई फार बोलते. तो तिच्यासमोर एक शब्द बोलला नाही. मला त्याचं इतर ठिकाणचं बोलणं तेव्हा कळलं.

झुनिल्दाचा खोकला गेला. हे मी आधी लिहायला हवं होतं.

कोरिनाशी मात्र रोज भांडण. ती शेगडी चोविसावर ठेवते, मी एकोणिसावर आणते, ती पुन्हा चढवते. झुनिल्दाने एकवीस असा निकाल दिला आहे आणि ती बटणापाशी बसून असते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सफरचंदाच्या खोलीत पाइप गेला आहे. तो आराखड्यात नव्हता, पण तुमचं पत्र वाचून बेलार्मिनोला म्हटलं एक वाढवा. झुनिल्दाने खिडकी रंगवली. पलंग आणला आहे. कोणता आणला ते विचारू नका, जिन्यातून नेताना कठडा काढावा लागला एवढंच सांगते.

सिक्स्तोंना बूट दाराशी काढावे लागतील, कोरिनाने फरशी घासली आहे. बाकी आमच्या गल्लीत कोणी बूट बघत नाही. बघितले तर झुनिल्दा त्यांना गणित घालेल.

या.

ओतिलिया


मेलिंका, ९ सप्टेंबर

ओतिलिया,

परतीचा प्रवास ठीक झाला. इंजिन दोनदा थांबलं आणि दोनदा सिक्स्तोने त्याला शिव्या घालून चालू केलं.

तिथे असताना बोलायचं राहिलं. तुम्ही तिघी एका वेळी बोलता, मध्ये शिरायला फट सापडत नाही. म्हणून लिहिते.

पहिल्या सकाळी झुनिल्दाने सिक्स्तोला बोळात गाठून विचारलं, "तुमचा पुढचा विचार काय आहे?" आणि तो म्हणाला, "बाई, न्हाणीघरात जायचा विचार होता, तुम्ही वाटेत उभ्या आहात." हे तो आता धक्क्यावर प्रत्येकाला सांगतो. म्हणजे आम्ही दोघं कुठे होतो हेही आपोआप सगळ्या बेटाला कळलं. मी घाबरत होते तसं काही झालं नाही. दुकानदारीण एवढंच म्हणाली, "बरं झालं, तुझ्या खिडकीकडे बघून बघून आम्ही दमलो होतो."

त्याच सकाळी मी तुम्ही उठायच्या आधी सगळ्या घरातून हिंडले. अनवाणी. लहानपणी तो बोळ आम्ही श्वास रोखून पळत ओलांडायचो, स्वयंपाकघरातून अंथरुणापर्यंत, आणि मागे दार आपटलं की आई ओरडायची, ऊब गेली, ऊब गेली. त्या घराची सगळी दारं एका वेळी उघडी असलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आईच्या खोलीत गेले. शेवटच्या हिवाळ्यात ती तिथे होती, तुला आठवतं, तू विटा तापवून फडक्यात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवायचीस. तिच्या खुर्चीत बसले. खूप वेळ बसले. रडले नाही, उगाच काही समजू नकोस. पाय गरम होते, आणि मला वाटलं, ती असती तर तिने आधी विचारलं असतं, केवढ्याला पडली. आणि मग मोजे काढले असते.

तर माझ्या वाट्याचं मी ठरवलं आहे. माझी निम्मी वाटणी मला विकायची नाही. ती मला वापरायची आहे. जून ते ऑगस्ट, दर वर्षी, आम्ही दोघं. मधल्या महिन्यांत सिक्स्तो म्हणतो तसं किनाऱ्याने हिंडू, सावकाश, खोकत खोकत. पोत्यांचा आमचा हिस्सा बोटीने येईल, आणि वर शिंपले. बसवाल्याची समजूत तू घाल.

आता काम सांगते. वसंत लागला, तू घरभर फिरून रिकाम्या खोल्यांचे वॉल्व बंद करत सुटशील. मी तुला ओळखते, मीही तेच केलं असतं. कोणी राहत नसलेली खोली तापवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी, आणि सबंध आयुष्यात अशी उधळपट्टी मी कोणाला करू दिली नाही.

सफरचंदाच्या खोलीचा बंद करू नकोस.

नोल्फा